दगडूची पोलादी दाढ

दात कोरून कुणाचं पोट भरत नाही, असं माझ्या धाकट्या काकांनी मी दंतवैद्य झाले त्याच दिवशी मला ऐकवलं होतं. पुढे त्यांच्याच तोंडासाठी मी दोन कवळ्या केल्या, तेव्हा आमची फिटंफाट झाली. नगरला माझा दवाखाना होता. दर गुरुवारी सकाळच्या गाडीने मी श्रीरामपूरला जायची आणि तिथे एका निवृत्त मास्तरांच्या घरातल्या रस्त्याकडच्या खोलीत दिवसभर पेशंट तपासायची. सोबत मार्थामावशी असायच्या. मिशनच्या दवाखान्यात आयुष्य घालवलेल्या, पन्नाशी उलटलेल्या. पोराचं डोकं एका हाताने असं धरायच्या की ते पोर रडायचंसुद्धा विसरे. खोलीतली वीज केव्हा जाईल याचा भरवसा नव्हता, म्हणून दात घासायचं यंत्र पायाने मारायचं होतं, शिवणाच्या मशीनसारखं.

माझं मन रमायचं ते लहान मुलांच्या टोप्यांत. टोपी म्हणजे किडक्या दुधाच्या दाढेवर बसवायचं पातळ पोलादी कवच. सत्तरच्या सुमाराला आमच्या भागात हा प्रकार कुणी पाहिलेला नव्हता. आईबापांचा पहिला प्रश्न ठरलेला, "पडनारच दात ना बाई? मंग त्याचं लाड कशाला?" मी सांगायची, पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात हे खरं, पण मागच्या दाढांनी दहा-अकरा वर्षांपर्यंत भाकरी चावायची असते. शिवाय खालून येणाऱ्या पक्क्या दातासाठी त्या जागा धरून बसतात, एसटीत खिडकीतून रुमाल टाकावा तशा. कीड फार पसरली की नुसतं भरून भागत नाही. मग दाढ चहूबाजूंनी थोडी घासायची, डबीतून मापाची टोपी निवडायची, कात्रीने तिची कड कापायची, पकडीने आत वळवायची आणि काचेवर सिमेंट कालवून ती दाबून बसवायची. 'टक्' असा बारीक आवाज आला की बसली म्हणायची.

घरी जाताना सूचना असायच्या. दोन दिवस चावताना उंच लागेल, मूल कुरकुरेल, हिरडी लाल दिसेल. घाबरू नका. चिकट खाऊ त्या बाजूने नको. दात घासताना कडेला जास्त घासा. टोपी निघालीच तर फेकू नका, घेऊन या. राहात्याकडचे एक आजोबा वर्षाने नातवाला घेऊन आले आणि म्हणाले, "बाई, टोपीला कल्हई लावायची ऱ्हायली." मी त्यांना गंभीरपणे सांगितलं की ह्या भांड्याला कल्हई लागत नाही. आजोबांना ते काही पटलं नाही.

शेवटची सूचना अशी असायची की टोपी जन्माची नाही. दुधाच्या दाढेची मुळं वय होईल तशी आपोआप विरघळत जातात, दाढ हलते आणि टोपीसकट पडते. त्यात वाईट काही नाही. ही एवढी शेवटची गोष्ट मी एका बाईला जाणूनबुजून सांगितली नाही. हे सगळं लिहायला बसले ते तिच्यासाठी.

तिचं नाव हौसाबाई. पाटाकाठच्या एका वस्तीवर त्यांची जमीन होती, त्यांचे यजमान रंगनाथराव ऊस करायचे. सत्तरच्या उन्हाळ्यात हौसाबाई आपल्या दगडूला घेऊन आल्या. पोराला सात पुरी व्हायची होती. गाल सुजून डोळ्यापर्यंत गेलेला, अंगात ताप. खालच्या डाव्या बाजूची दुसरी दाढ आतून सडली होती. पुढचा एक दात नुकता हलायला लागला होता. मी म्हटलं, "दाढ काढून टाकलेली बरी."

"काडायची न्हाई," हौसाबाई म्हणाल्या. "त्येच्या तोंडातनं एक बी दात जायला नको."

"अहो, पुढचे तर पडणारच आहेत."

त्यावर त्यांनी जे सांगितलं ते अगदी सपाट आवाजात सांगितलं. दगडूच्या आधी त्यांना दोन मुली होत्या, मंदा आणि शकुंतला. मळ्यातल्या विहिरीवर साती आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या सात देवतांचे, शेंदूर लावलेले सात दगड होते. थोरलीचा पहिला दात पडला त्याच महिन्यात ती विहिरीत गेली. दोन वर्षांनी धाकटीचा दात पडला, तीही गेली. दोघी भर दुपारी, बाराच्या ठोक्याला. तेव्हा दगडू रांगतसुद्धा नव्हता. "दात पडाया लागलं की आसरा हाक मारत्यात," त्या म्हणाल्या. "ह्येचं नाव म्हून तर दगडू ठिवलं. दगडाला कोन हाक मारतंय?"

मी ख्रिस्ती घरातली, आसरांना मानत नाही. पण पोराचा गाल दिसत होता आणि आई हात लावू देत नव्हती. मी म्हटलं, "बरं, काढत नाही. आतली घाण साफ करते, औषध भरते आणि वरून टोपी घालते."

"कशाची?"

"पोलादाची."

"म्हंजी लोखंड?"

"लोखंडच," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा एकदम उजळला. का ते मला लगेच कळलं. आमच्याकडे बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवतात, लोखंड असलं की वाईट फिरकत नाही म्हणून. ह्या बाईला लोखंड पोराच्या तोंडातच मिळत होतं, चोवीस तास, हरवायची भीती नाही. मार्थामावशी माझ्या कानाशी कुजबुजल्या, "बाई, पुढं ती पडनार हे सांगून टाका." मी म्हटलं, पुढच्या खेपेला सांगू. सांगितलं असतं तर त्या उठून गेल्या असत्या आणि तो पू पोराच्या जबड्यात उतरला असता, असं मी स्वतःला समजावलं. ते खरंही होतं. पण दुसऱ्याच्या भीतीवर आपलं काम साधून घेतल्याचा थोडा आनंदही झाला होता, हे आज कबूल करते.

आठवड्याने सूज उतरल्यावर टोपी बसवली. दुपारची वेळ होती, रस्ता उन्हाने ओस पडलेला. टक् आवाज आला. दगडूने मान दाराकडे वळवली आणि विचारलं, "कोन बोलतंय?"

कुणीच बोलत नव्हतं. मार्थामावशी मागे अवजारं उकळत होत्या, हौसाबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. सुईने अर्धा जबडा बधिर असला की मुलांना काहीही वाटतं. मी त्याच्या हातात आरसा दिला. इतर मुलं चमकणारा दात पाहून हसायची. हा आरशात न बघता दाराकडेच बघत राहिला.

पुढची तीन वर्षं दर सहा महिन्यांनी ती दोघं येत राहिली. पुढचे दात पडले, नवे आले, पोराला काही झालं नाही. हौसाबाईंच्या अंगावर मांस आलं, त्या मोठ्याने हसायला लागल्या. एकदा माझ्यासाठी टोपलीभर वांगी घेऊन आल्या. दर खेपेला मी ठरवायची की आज सांगायचं, आणि दर खेपेला त्यांचं हसणं बघून गप्प बसायची. दगडू मात्र मितभाषी होत चालला होता. बाराच्या सुमाराला तो डाव्या गालावर तळहात दाबून धरायचा. दुखतं का विचारलं की मान हलवून नाही म्हणायचा. मी ठोकून पाहिलं, दाबून पाहिलं, टोपी पक्की होती.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात दुष्काळ शिगेला पोचला होता. पाटाला पाणी नव्हतं, ऊस जळून गेला होता, माणसं खडी फोडायला गेली होती. त्यातल्या एका गुरुवारी हौसाबाई आल्या. दगडूचं मनगट त्यांनी सुती दोरीने आपल्या मनगटाला बांधलं होतं. एसटीतून त्या तशाच आल्या होत्या. दुसऱ्या हाताच्या मुठीत फडक्याची पुरचुंडी होती. आत टोपीसकट दाढ.

"बसवा," त्या म्हणाल्या.

मग मी तीन वर्षं राहिलेलं बोलले. दुधाची दाढ अशीच पडते, खाली नवा दात आहे, हे व्हायचंच होतं. त्या ऐकत होत्या, पण नजर माझ्या हातातल्या टोपीवर. "तवा का न्हाई सांगितलं?" एवढंच विचारलं. 

मी म्हटलं, "हौसाबाई, विहीर तर कोरडी ठणठणीत आहे. आता कशाला भिता?"

"पानी हुतं तवर त्या पान्यात हुत्या, बाई. आता पानीच न्हाई. मंग त्या कुठं ऱ्हात्याल?"

काहीतरी करायचं म्हणून मी दाढ भिंगाखाली धरली. आपणहून पडलेल्या दुधाच्या दाढेला मुळं जवळजवळ उरतच नाहीत. ह्या दाढेची मुळं निम्म्याहून जास्त शाबूत होती, एक टोकदार आणि एक मोडलेलं. ही पडलेली नव्हती, उपटलेली होती.

मी मार्थामावशींना खूण केली. "हौसाबाई, मावशींबरोबर जरा चहा घेऊन या." त्यांनी आपल्या मनगटावरची दोरी सोडली, ती माझ्या खुर्चीच्या दांडीला बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि मगच त्या बाहेर गेल्या.

"दगडू, कशाने काढलीस?"

"इहिरीवरच्या इंजिनाच्या पकडीनं."

"दुखलं नाही?"

"लई दुखलं."

"मग का काढलीस?"

"आवाज यायचा." त्याने गालावर हात ठेवला. "टोपी बसवली त्या दिशीपास्नं. दुपारचं. मंदी अन् शकी."

"तुला काय माहीत त्यांचा आवाज? तू किती लहान होतास."

"त्याच सांगत्यात ना, मी मंदी, मी शकी."

"आणि काय म्हणतात?"

"म्हनत्यात, आमचं दात पडलं ते परत आलंच न्हाईत. तुझं आलं का? दाव."

"मग तू काय करायचास?"

"म्या दावायचो की. इहिरीत वाकून, आ करून." त्याने मला करून दाखवलं. खुर्चीत पुढे वाकला, तोंड उघडलं आणि खाली फरशीकडे पाहत तसाच थांबला. दोरी ताणली गेली. "आनिक वाक, दिसत न्हाई, असं म्हनायच्या. मंग मला भ्या वाटाया लागलं."

मी त्याला दहा वर्षांच्या मुलाला कळेल असं सांगितलं की दातांचा आवाज हाडातून कानात जातो, वरच्या दाताखाली टोपी घासली की ते बोलल्यासारखं वाटू शकतं. त्याने शहाण्या मुलासारखं ऐकून घेतलं. "आईला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"ती हसाया लागली हुती," तो म्हणाला.

दारात पावलं वाजली. हौसाबाई परत आल्या होत्या, चहा न घेताच. पहिलं काम त्यांनी दोरी सोडून स्वतःच्या मनगटाला बांधायचं केलं. "दुसऱ्या दाढंवर बसवा," त्या म्हणाल्या. "कंच्याबी बसवा." दगडू माझ्याकडे बघत होता. दुसरी टोपी घातली तर हे पोर पुन्हा त्या कठड्यावर वाकणार होतं, आता तर खाली नुसते दगड होते. आणि नाही घातली तर त्याची आई त्याला शाळेतच काय, परसात जाऊ देणार नव्हती. आवाज खरा की खोटा हा प्रश्न मी तिथेच सोडून दिला. पोर वाचवायचं होतं.

म्हणून मी दुसऱ्यांदा त्यांच्या भीतीचा आधार घेतला. "विळा कुणाच्या उशाशी ठेवतात?" मी विचारलं. "आईच्याच ना? लोखंड आईच्या अंगावर असलं तरी पोराला पुरतं." मी टोपीतून दाढ सोडवली, टोपी उकळली, तिला बारीक भोक पाडलं. मार्थामावशींनी काळा दोरा ओवला. मावशी वर्षानुवर्षं रविवार न चुकवणाऱ्या, त्या माझ्याकडे बघेनात. हौसाबाईंनी टोपी मंगळसूत्राशेजारी गळ्यात घातली, मुठीत धरून पाहिली आणि दगडूच्या हातावरची दोरी सोडली. तो मनगट चोळत माझ्याकडे पाहून हसला. त्या दिवशी गाडीत मी स्वतःवर फार खूश होते.

त्या वर्षी पाऊस झाला. विहिरी भरल्या. गौरी-गणपती उरकल्यावर एका गुरुवारी हौसाबाई आल्या, एकट्याच. हिरव्या बांगड्या, केसात फूल, जणू माहेराहून आल्या होत्या. म्हणाल्या, "बाई, तुमाला सांगायलाच आले. मला बी ऐकू येतंया."

"काय?"

"दोगी. दुपारचं टोपी कानाशी धरली का. म्हनत्यात, आमचं दात पडलं ते परत आलंच न्हाईत. तुझं आलं का? दाव."

तेच शब्द. मागाहून मी दगडूला शपथ घालून विचारलं, त्याने आईला काही सांगितलं नव्हतं. माझा त्याच्यावर विश्वास आहे.

"मग तुम्ही काय करता?"

"दावते." त्या तोंड उघडून हसल्या. "म्हनलं, बगा गं, तुमच्या आयचं समदं दात हायेत."

मी हात पुढे केला. "ती टोपी मला परत द्या, हौसाबाई."

"आता न्हाई द्यायची," त्या सहज म्हणाल्या. राग नाही, भीती नाही. "धा वर्सं झाली असत्याल. कुनी आई म्हनून हाक मारली न्हाई त्यांच्यातनं."

"दगडू कुठाय?"

"दगडू?" त्यांना आठवायला क्षणभर लागला. "साळंत असंल."

ज्या बाईने चार महिन्यांपूर्वी पोर मनगटाला बांधून आणलं होतं, तिच्या तोंडचं ते 'असंल' ऐकून मी खरी घाबरले. त्याच दिवशी रंगनाथरावांना निरोप धाडला की हातातलं काम टाका आणि आधी विहिरीवर जाळी बसवा. माणूस अबोल पण शहाणा. त्यांनी दोन दिवसांत जाड सळ्यांची जाळी ठोकून घेतली, फक्त इंजिनाच्या पाइपापुरती जागा ठेवली. हौसाबाईंनी विरोध केला नाही. पुढे कधी त्या विहिरीत पडल्या नाहीत, कुणीच पडलं नाही. मी केलेल्या गोष्टींपैकी एवढी एकच बिनचूक.

वर्षभराने, चौऱ्याहत्तरच्या दिवाळीआधी, दगडू आला. अकरा वर्षांचा झाला होता. एकटाच एसटीने आला होता, शाळेच्या कपड्यांत. मी त्याला खुर्चीत बसवलं आणि आ करायला सांगितलं. दाढेच्या जागी नवा दात आला होता, सरळ, पांढराशुभ्र, कुठे डागसुद्धा नाही. मार्थामावशींनाही दाखवला. आमच्या धंद्यात असे क्षण थोडे.

"फार छान आलाय रे. आवाज येतो का अजून?"

"न्हाई. बाई, ह्येच्यावर टोपी बसवता येती का?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "का रे? तुला तर भीती वाटायची."

"आई दुपारी जाळीपाशी बसती," तो म्हणाला. "भाकर बी तितंच खाती. त्यांच्यासंगं बोलती, हसती. मी हाक मारली तर तिला ऐकू येत न्हाई. दोनदा मारली, तीनदा मारली, तरी न्हाई. त्यांचं येतं." त्याने गालावर हात ठेवला, पूर्वी ठेवायचा तसा. "मला बी ऐकू आलं तर मी तिला सांगीन ना, त्या काय म्हनत्यात. मंग माझ्यासंगं बोलंल ती."

पोर वाचवलं असं मी वर्षभर मिरवत होते, आणि ह्या पोराला आई राहिली नव्हती. तिच्या गळ्यात तो दोरा माझ्याच सांगण्यावरून बांधला गेला होता. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला सांगता येत होतं ते सांगितलं. हा पक्का दात आहे, तो जन्मभर पुरायचा आहे, निरोगी दात घासून त्याच्यावर टोपी घालणं पाप आहे. मी आईशी बोलेन, वडिलांशीही बोलेन. त्याने सगळं ऐकून घेतलं. मान डोलावली, खुर्चीवरून उतरला, पिशवी उचलली.

दारातून त्याने मागे वळून विचारलं, "अन् कीड लागली तर?"

तो रस्त्याला लागला आणि मी खिडकीशी गेले. एसटी स्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर टपरी होती. दगडूने तिथे लिमलेटच्या गोळ्या घेतल्या, मूठभर. एक तोंडात टाकली. मग न चघळता जिभेने ती डाव्या गालात सरकवली, नव्या दाताशी नीट टेकवली आणि ओठ घट्ट मिटून चालू लागला.